चकरी मंडळाचे तहहयात अध्यक्ष

इंटरनेट गेलं म्हणून दाढी वाढवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी. नांदेडात नेट बंद झालं की दाजी सुतक पाळतात. दाढी नाही, तळण नाही, देवाला नमस्कार लांबून. नेट आलं की डोक्यावरून आंघोळ करून, दाढी करून गल्लीत गूळ वाटतात. नेट जाऊन किती दिवस झाले हे गल्लीतल्या लोकांना मोजावं लागत नाही, दाजींच्या हनुवटीकडं बघितलं की कळतं. ताई म्हणते, सख्खा चुलता गेला तेव्हा या माणसानं तिसऱ्या दिवशी भजी मागितली होती, आणि आता टॉवर गेला तर मला पापड तळू देत नाही. ताईचा स्वभाव गरीब म्हणून संसार टिकला. मी असते तर पहिल्याच सुतकात कढई ठेवली असती.

मी लातूरला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या मुली, आणि रात्री नऊच्या ठोक्याला सगळ्यांचे मोबाईल माझ्या लोखंडी कपाटात. ही व्यवस्था दाजींना कळली तेव्हापासून त्यांच्या लेखी मी हुकूमशहा आहे. त्यांनी माझ्या वसतिगृहाच्या वायफायची रीतसर निधनवार्ता काढली. मनमिळाऊ आणि परोपकारी वायफाय यांचे मेहुणीच्या हस्ते अकाली निधन, पश्चात शेकडो मुली आणि एक कपाट असा परिवार. ती वार्ता माझ्या मुलींपर्यंत पोचली आणि आठवडाभर मी जिन्यानं वर गेले की खोल्याखोल्यांतून हुंदके ऐकू यायचे. हसण्याचे.

निवृत्तीनंतर दाजींनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप काढला, 'अखिल मराठवाडा चकरी मंडळ'. नेट रखडलं की मोबाईलवर जी गोल गोल फिरत बसते, ती चकरी. दाजी त्याचे तहहयात अध्यक्ष. निवडणूक का नाही, असं एकानं विचारलं तेव्हा दाजींनी सांगितलं, की देशात लोकशाही पाहिजेच, पण ग्रुपाला अॅडमिन एकच बरा. मंडळाचा नियमही एकच. रडका मेसेज टाकायचा नाही. फॉर्मची शेवटची तारीख हुकली, दुकानात स्कॅन होईना, लेकीचा ऑनलाईन इंटरव्ह्यू अर्ध्यात तुटला, तक्रार काही असो, ती हसवून मांडायची. निस्तं रडगाणं गायलं की दाजी त्या माणसाला ग्रुपातून काढतात, आणि विनोद शिकून आला की परत घेतात. लातूरचे एक वकील असे आठ वेळा निघाले. आता ते बऱ्यापैकी विनोदी झालेत, पण त्यांची वकिली जरा बसली असं ऐकते.

यामागं दाजींचं तत्त्वज्ञान आहे. ते म्हणतात, "रडणाऱ्याला लोक पाणी देतात अन् निघून जातात. हसवणाऱ्यापाशी बसतात. बसले की हळूच अर्ज पुढं करायचा अन् सही घ्यायची." आणि सह्या ते खरोखर घेतात. मंडळाची मागणी साधी आहे. नेट बंद करायचं तर आधी सांगा, कुणी बंद केलं ते सांगा, आणि का केलं ते लिहून द्या. नळाला पाणी येणार नसलं तर रिक्षा भोंगा लावून फिरते, लाईट जाणार असली तर पेपरात येतं, मग नेट वापरणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय? या मागणीची अकरा निवेदनं दाजींनी कचेरीत दिली. एकात मयत नेटचा वारस दाखला मागितला होता आणि सोबत टॉवरचे दोन पासपोर्ट फोटो जोडले होते. एकात, नेट दाबून मारलं की नैसर्गिकरीत्या गेलं याचं शवविच्छेदन व्हावं अशी विनंती होती. आवक शाखेतला कारकून दाजींना बघितलं की आधी चहा सांगायचा, मग निवेदन मोठ्यानं वाचून शेजारच्या टेबलांना ऐकवायचा, मग शिक्का मारायचा. पुढं काही नाही. गंमत म्हणजे नेट बंद झालं की मंडळही बंद. त्यामुळं नेटबंदीच्या विरोधातलं सगळं आंदोलन नेट धडधाकट चालू असतानाच व्हायचं. हे मी दाजींना एकदा बोलून दाखवलं तर त्यांनी मला दोन दिवस ग्रुपातून काढलं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचाराल तर त्याचं उत्तर मुदखेडला राहतं. दाजींची थोरली बहीण, आक्का. लहानपणी तापात तिचे कान गेले, आणि शब्द यायच्या आधीच गेले म्हणून बोलणंही आलं नाही. त्या काळी अशा मुलीला शाळेत कोण घालणार? वाचणं नाही, लिहिणं नाही. जे काही बोलणं होतं ते या दोघा भावंडांनी लहानपणी हातांनी तयार केलेलं, आणि ते जगात या दोघांनाच पुरतं येतं. आता दाजींचं नशीब बघा. उभी नोकरी टेलिफोन खात्यात लाईनमनची. खांबावर चढायचं, तारा जोडायच्या. विष्णुपुरीपासून मुदखेडपर्यंत कुणाच्या घरी पहिला फोन कधी बसवला, हे ते अजून बसच्या खिडकीतून बोट करून दाखवतात. लोकांच्या सोयरिकी, भांडणं, मयताचे निरोप सगळं त्यांच्या तारेवरून गेलं, आणि सख्ख्या बहिणीशी त्या तारेवरून त्यांना एक शब्द बोलता आला नाही. राखीला आणि दिवाळीला भेट होईल तेवढंच.

मग मोबाईलवर माणूस दिसायला लागला. दाजींनी आक्काला एक मोबाईल नेऊन दिला, तिच्या पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि स्वतः अंगणात जाऊन दुसऱ्या मोबाईलवरून लावला. आक्का एकदा मोबाईलमधल्या भावाकडं बघे, एकदा खिडकीतून अंगणातल्या. मग तिनं मोबाईलकडं बघून हात हलवले आणि अंगणातल्या दाजींना ते कळलं. ताई सांगते, दाजी तिथंच तुळशीपाशी उभं राहून रडले, आणि वर म्हणाले की खांबावर चढून चढून डोळ्याला वारं लागलंय.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला आक्काचा फोन. पाहुणे असोत, लग्नाचा मांडव असो, दाजी पाचला उठणार. यांच्या भाषेत ताईची खूण म्हणजे नाकाला चिमटा, नथीची. दाजींची खूण तार पिरगळल्याची. माझी खूण कुलपात किल्ली फिरवल्याची, हे मला फार उशिरा कळलं, मला वाटायचं ते स्कूटर सुरू करून दाखवतायत. त्यातून दाजींना एका जागी बसवत नाही. डाव्या हातात मोबाईल उंच धरून ते घरभर फिरतात, आक्काला कुंडीतली मिरची दाखवतात, ताईनं फोडलेली कपबशी दाखवतात. मग बोलायला उरतो एकच हात. आक्का तिकडं दोन हातांनी बोलते आणि हे इकडं एका. आक्काची कायमची तक्रार, की तू अर्धंच बोलतोस. तर नेट बंद झालं की गल्लीतल्या पोरांचे रील बंद होतात, दुकानदारांचा स्कॅन बंद होतो, आणि दाजींची बहीण बंद होते. साध्या फोनवर तिला कसं सांगणार?

आता त्या दिवसाचं सांगते. वसतिगृहाला सुट्टी होती म्हणून मी नांदेडला आले होते. सकाळी अकराला कुणीतरी दाजींच्या कानात सांगितलं की बाराला नेट जाणार. कुठंतरी मोर्चा होता म्हणे, खरं-खोटं देव जाणे. दुसरा कुणी असता तर वैतागला असता, दाजींना मात्र हर्ष झाला. आजवर मंडळाच्या सगळ्या श्रद्धांजल्या नेट परत आल्यावर जायच्या, म्हणजे मयत उठून बसल्यावर. यंदा प्रथमच जिवंतपणी बातमी देता येणार होती. दाजी मोबाईलवरच फलक करायला बसले.

आपल्याकडं फलकाचा एक अलिखित कायदा आहे, तो नांदेड-लातूरच्या कुठल्याही चौकात उभं राहून बघा. वाढदिवस कुणाचाही असो, सगळ्यात मोठा फोटो साहेबांचा. दाजी मंडळाचे साहेब. तेव्हा त्यांनी स्वतःचा फोटो घेतला सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा, आणि मयत टॉवर टाकला खाली, शोकाकुल मंडळींच्या ओळीत, वकिलांच्या शेजारी. वरच्या फोटोला चंदनाचा हार आणि खाली समई त्या अॅपनं आपणहून घातली, श्रद्धांजलीचा नमुना निवडल्यावर ते बिचारं दुसरं काय घालणार? मजकुरात सगळं नेटबद्दलच होतं, वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने अल्पशा आजारात निधन वगैरे. दाजींनी घाईत ते नुसतं ग्रुपात नाही टाकलं, मोबाईलमध्ये असतील नसतील त्या सगळ्यांना धाडलं. बाराला चार मिनिटं कमी होती. यादीत पहिलं नाव आक्काचं.

बारा वाजले, नेट गेलं, दाजी सुतकात बसले. थोड्या वेळानं साधे फोन यायला लागले. पहिला त्यांच्या खात्यातल्या जुन्या दोस्ताचा, ताईच्या मोबाईलवर. खाली उतरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, की वहिनी, किती वाजता न्यायचं ठरवलंय? ताईला काही उमगेना, तिनं फोन दाजींकडं दिला. दाजी म्हणाले, "हां, बोल रे," आणि पलीकडून फोन कट झाला. त्यांनी परत लावला तर त्या गृहस्थांनी मोबाईल बंदच करून टाकला. मग आणखी दोन, आणखी तीन. दाजी चिडले. लोकांना मजकूर वाचायची सवयच राहिली नाही, निस्ते फोटो बघतात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, दाखवा बघू तो फोटो. बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. हारात दाजी. समईत दाजी. मी त्यांना विचारलं, हे कुणाकुणाला पाठवलं? ते सांगायला लागले आणि पहिल्याच नावाला थांबले.

आक्काला वाचता येत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. तिच्यापुढं फक्त हारातला भाऊ होता, आणि त्याला लावून बघायला नेट नव्हतं. तिचा मुलगा, म्हणजे दाजींचा भाचा, रेल्वेत ड्युटीवर, त्याचा फोन लागेना. त्याची बायको अंगणवाडीत कामाला. ती बिचारी धावत घरी गेली आणि तिचा फोन आला, की दाराला बाहेरून कडी आहे, चूल अजून गरम आहे, आणि सासूबाई घरात नाहीत. सत्तरीपुढची बाई, मागून आलेली गाडी ऐकू येत नाही, आणि निघालीय कुठं तर भावाच्या मयताला. दाजी एका पायात माझी चप्पल आणि एका पायात ताईची घालून स्टेशनला निघाले. आम्ही त्यांना धरलं. ती रेल्वेनं येते का बसनं, का कुणाच्या जीपमध्ये, काय माहीत? चुकामूक झाली असती. मग हा माणूस डोक्यावर ओला पंचा टाकून दोन तास उन्हात फाटकाला धरून उभा राहिला. सुतकावरून मी त्यांना इतकी वर्षं चिडवलं, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं माझ्यानं बघवलं नाही. दर रिक्षाच्या आवाजाला ते रस्त्यावर जायचे आणि परत यायचे. मधेच मला म्हणाले, "मी लई शाणा झालो होतो, बघ."

तीनच्या सुमाराला रिक्षा थांबली. आक्का उतरली, बगलेत एक गाठोडं. दाजी हात पसरून पुढं झाले. आक्कानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोक्यावर पंचा घेतलेला कुणी मयताला आलेला माणूस समजून तिनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि तडक आत गेली. बैठकीत बघितलं, मधल्या खोलीत बघितलं, स्वयंपाकघरात ताईला बघून तिच्या गळ्यात पडली. तिला थोपटायला लागली. ताईनं रडत रडत दाराकडं बोट केलं. दारात दाजींनी पंचा काढला.

आक्काच्या तोंडून आवाज आला. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. मग तिनं ते गाठोडं दोन्ही हातांनी धरलं आणि भावाला बदडायला सुरुवात केली. पाठीत, दंडावर, डोक्यात. दाजी खाली बसले आणि मार खात राहिले. तिचे हात दमल्यावर गाठोडं सुटलं, त्यात तिच्या दुपारच्या जेवणाच्या चार भाकरी आणि पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावजय उपाशी असेल, म्हणून कडू घास बांधून आणला होता तिनं.

मग दाजींना खुलासा करायची पाळी आली. तिथं कळलं की इतक्या वर्षांत या दोघांच्या भाषेत 'नेट बंद' याला खूणच नाही. कशी असणार? नेट बंद असलं की बोलणं नाही, आणि बोलणं चालू असलं की नेट बंद नाही. दाजींनी उभं राहून हातानं टॉवर केला. मग बोटानं हवेत चकरी फिरवली. मग मोर्चा काढला, मग दंडुका धरला, मग स्वतःच मरून पडले आणि उठून नाही नाही केलं. आक्का ताईकडं बघायला लागली, की याच्या डोक्यावर परिणाम झालाय का? शेवटी दाजींनी मोबाईल उचलला आणि त्याच्यावर तळहात झाकला. एखाद्याच्या डोळ्यांवर ठेवावा तसा. आक्काला ते लगेच कळलं. तिनं हाताचा पंजा उलटा करून विचारलं, कोण? दाजींनी वर आभाळाकडं बघितलं आणि खांदे उडवले. तिनं कपाळाला बोट लावून विचारलं, का? अकरा निवेदनांत जे होतं ते तिनं दोन खुणांत विचारलं होतं.

तिनं पिठल्यात भाकरी मोडली आणि पहिला घास भावाला भरवला. जिवंतपणी स्वतःचा कडू घास खाणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. दाजींनी दोन भाकरी खाल्ल्या. तेवढ्यातही मीठ कमी असल्याची खूण करायला विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आक्काला घेऊन कचेरीत गेले, मीही गेले. कारकुनानं सवयीनं चहा सांगितला आणि निवेदन मागितलं. दाजींनी या वेळी कागद दिला नाही. आक्काला पुढं केलं. तिनं टेबलावर पडलेल्या त्याच्या मोबाईलवर तळहात ठेवला आणि विचारलं, कोण? का? दाजींनी अर्थ सांगितला, आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. कारकून हसायच्या तयारीत होता, तो हसला नाही. त्यानं आक्काला खुर्ची दिली. शिक्का हातात घेतला, पण मारायचा कशावर? तो परत खाली ठेवून म्हणाला, "मावशीला सांगा, आम्हालाबी कुणी सांगत न्हाई." नेट त्याच्या त्याच्या वेळेला आलं. आदेशाचा कागद कुणी दाखवला नाही.

आता मंडळाच्या फलकावर टॉवरचा फोटो मोठा असतो आणि अध्यक्ष कुठंच नसतात. आक्का ग्रुपात आहे. तिच्या त्या तीन खुणांचा व्हिडिओ गावोगाव फिरला, तळहात, पंजा, कपाळ. लोक आपापले करून पाठवायला लागले, वकिलांनी कोट घालून केला. माझ्या वसतिगृहातल्या मुलींनीही केला, गच्चीवर उभं राहून सगळ्यांनी एकदम, आणि व्हिडिओ मी काढला. नऊ वाजले तसे मोबाईल कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली फिरवताना मुलींनी माझ्याकडं बघून मोबाईलवर तळहात झाकल्याची खूण केली, आणि मी न बघितल्यासारखं केलं.

परवा नांदेडला गेले तर नेट परत बंद. दाजींची दाढी गुळगुळीत होती. सुतक त्यांनी सोडलंय. नेट गेलं की चार वाजता मिळेल ती गाडी पकडून मुदखेडला जायचं, एवढंच ठेवलंय. गुडघे दुखतात, गाडीची पायरी चढताना मी मागून हात दिला. आक्का ओट्यावर वाट बघत होती. म्हणजे नेट गेलेलं तिला न सांगताच कळलं होतं.

पाच वाजले. दोघं समोरासमोर बसली आणि बोलायला लागली. मी बघते तर दाजींचा डावा हात हवेत, बोटं वळवलेली, मोबाईल धरल्यासारखी, आणि बोलत होते एकट्या उजव्या हातानं. आक्कानं थोडा वेळ बघितलं. मग तो वर धरलेला हात तिनं खाली ओढला आणि आपल्या हातात धरून ठेवला. आता तिलाही बोलायला एकच हात उरला. त्या हातानं तिनं काहीतरी विचारलं, दाजींनी मान हलवली, आणि मग दोघंही बोलायची थांबली. अंधार पडेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली हे मी त्यांना सांगितलं नाही.